डावीकडची कड कापू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत जुना स्पॅनिश चित्रकार वेलास्केझच्या ‘लास मेनिनास’ या चित्रावर अर्धं पान आलं होतं. पुढच्याच आठवड्यात त्यावर एका वाचकांचं पत्र छापून आलं. त्याचा मथितार्थ असा : कुठल्याशा राजाच्या घरच्या माणसांची साडेतीनशे वर्षांहून जुनी चित्रं. आता फोनवर बोटानं मोठी करून बघितली तर रंगाचा कणन् कण दिसतो. तरी लोक माद्रिदला जाऊन रांगा कशाला लावतात? थोर म्हणून शिकवलंय म्हणून थोर म्हणायचं, दुसरं काय!

मला त्या पत्राचा राग आला नाही. मीही बरीच वर्षं याच मताचा होतो. पण आता उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. शिवाय आपल्याबद्दलही एक तक्रार आहे, ती शेवटी सांगतो.

मी मिरजेचा. १९६९ पासून २००८ पर्यंत फोटो स्टुडिओ चालवला. पण धंद्यात माझी ओळख फोटोग्राफर म्हणून कमी आणि रिटचर म्हणून जास्त. सांगली, जयसिंगपूर, पार कुरुंदवाडपर्यंतचे स्टुडिओवाले माझ्याकडे निगेटिव्ह पाठवायचे. आजच्या मुलांना हे काम माहीत नसणार, म्हणून सांगतो. उतरतं लाकडी डेस्क, त्याच्या खाली आरसा. आरशानं खिडकीचा उजेड वर फेकायचा आणि डेस्कच्या भोकावर निगेटिव्ह ठेवायची. तिच्यावर मिडियमचा थेंब बोटानं पसरायचा, म्हणजे पेन्सिल धरते. पेन्सिल कडक शिशाची, सँडपेपरवर घासून सुईसारखी केलेली. गालावरचा खड्डा फोटोत काळा येतो, म्हणजे निगेटिव्हवर तो पातळ असतो. तो पातळपणा स्वल्पविरामासारख्या बारीक फटकाऱ्यांनी भरत जायचा. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, नाकाजवळच्या आठ्या, सगळं भरून निघतं. मुलींचे स्थळाला पाठवायचे फोटो तर हमखास माझ्या डेस्कवरून जायचे. ‘जरा उजळ करा’ एवढं म्हणून गिऱ्हाईक निघून जायचं. बाकीचं मला कळायचं.

थोडक्यात, चेहऱ्याबद्दल खोटं कसं बोलायचं हे मला पोटापाण्यापुरतं चांगलं येतं. त्या जोरावर वेलास्केझबद्दल चार शब्द लिहितो.

मुलगी आणि जावई माद्रिदला असतात. गेल्या मे महिन्यात त्यांच्याकडे होतो. तिथलं प्राडो संग्रहालय संध्याकाळी शेवटचे दोन तास फुकट असतं. सोमवार ते शनिवार सहा ते आठ. रांग मोठी असते, पण मे महिन्यात तिकडे सहा वाजता चांगलं लख्ख ऊन असतं, काही वाटत नाही. मुलगी म्हणाली, ‘बाबा, आत फोटो काढू देत नाहीत बरं का.’ जन्म कॅमेऱ्यात गेलेल्या माणसाला हे म्हणजे सासुरवाडीला जाऊन उपास धरण्यासारखं. पण खरं सांगतो, त्या नियमाचे उपकार झाले. हात रिकामे होते म्हणून नुसतं बघत राहिलो. (मुलीकडून वेलास्केझच्या नावाचा तिथला उच्चारही शिकायचा प्रयत्न केला, ‘बेलाथ्केथ’ असं काहीतरी. माझ्या जिभेला तो जमत नाही. तिथे त्याच्या नावाचं मेट्रो स्टेशनसुद्धा आहे.)

मला पहिल्यांदा धरून ठेवलं ते त्या प्रसिद्ध चित्रानं नाही. एक उंच चित्र आहे, पाब्लो दे व्हायादोलिद याचं. दरबारातला विदूषक-नट. काळे कपडे, पाय फाकलेले, एक हात बाजूला फेकलेला, जणू रंगमंचावर वाक्य म्हणतोय. आणि मागे काही नाही. भिंत नाही, पडदा नाही. जमीन कुठे संपते आणि मागची बाजू कुठे सुरू होते ती रेघही नाही. पायाशी पडलेली सावली तेवढी त्याला जमिनीवर उभा करते.

स्टुडिओवाल्यालाच कळेल यात काय आहे. आमच्याकडे मागे रंगवलेला पडदा असायचा. कमान, जिना, फुलदाणी, लांबवर तळं. तो पडदा जमिनीला मिळतो ती दुमडीची रेघ लपवण्यात आमचा निम्मा जीव जायचा. पुढे बिनरंगाचा कागदी रोल आला, तो मागून खाली वळवून जमिनीवर पुढे ओढायचा, म्हणजे रेघ नाहीशी. आम्हाला वाटायचं, काय नवीन युक्ती आली! ती वेलास्केझनं १६३०च्या दशकात केलेली आहे. १८६५ साली फ्रेंच चित्रकार माने माद्रिदला गेला तेव्हा तोही याच चित्रापुढे थक्क झाला. मागची बाजू नाहीशीच होते, या माणसाभोवती फक्त हवा आहे, अशा अर्थाचं त्यानं मित्राला पत्रात कळवलं. वेलास्केझला ‘चित्रकारांचा चित्रकार’ त्यानंच म्हटलं. पुढच्याच वर्षी मानेनं बासरी वाजवणारा पोरगा काढला, तोही असाच बिनभिंतीचा. आता सांगा, सव्वादोनशे वर्षांत मध्ये कुणी काही केलंच नव्हतं का? केलं होतं. पण मानेला जे हवं होतं ते जुन्या माणसाकडे सापडलं.

तिथून राजाकडे आलो. स्पेनचा फेलिपे चौथा. वेलास्केझ १६२३ मध्ये, चोविसाव्या वर्षी, सेव्हिलहून येऊन त्याचा चित्रकार झाला आणि १६६० मध्ये मरेपर्यंत त्याच्याच पदरी राहिला. एकच गिऱ्हाईक सदतीस वर्षं! लांब हनुवटी, जाड खालचा ओठ, जड पापण्या. पहिल्या चित्रात कोवळा पोरगा आहे आणि शेवटच्या चित्रांत त्याच ओठाभोवती गाल ओघळलेले, डोळे थकलेले. माझा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला, शपथ! दोन तासांत मी त्याला दहा वर्षांनी तरुण करून दिला असता.

वेलास्केझनं तसं केलं नाही आणि राजाला ते कळत होतं. १६५३ मध्ये राजानं एका पत्रात लिहिलं आहे की नऊ वर्षांत माझं चित्र काढलेलं नाही. एक तर वेलास्केझच्या कफाला तोंड द्यायची इच्छा होत नाही, दुसरं म्हणजे स्वतःला म्हातारं होताना बघायचं नाही. ‘कफ’ हा शब्द माझा नाही, राजाचाच आहे. त्यांच्याकडेही संथ, थंड माणसाला कफ प्रकृतीचा म्हणत. वेलास्केझचा हात सावकाश चालायचा. आयुष्यात त्याची म्हणून धरता येतील अशी चित्रं सव्वाशेच्या आसपास आहेत, बस. पण राजानं त्याला काढून टाकला नाही आणि सुरकुत्या पुसून देणारा दुसरा आणला नाही, हेही लक्षात घ्या. माझं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी समोरच्या स्टुडिओत गेलं असतं.

रोमला त्यानं पोप इनोसंट दहावा रंगवला तेव्हा पोप म्हणाला म्हणे, ‘फारच खरं आहे!’ तरी चित्र ठेवून घेतलं. ते मी पाहिलेलं नाही, रोमला आहे.

त्याच दालनांच्या रांगेत सेबास्तियान दे मोरा भेटतो. दरबारातला बुटका माणूस. जमिनीवर बसलाय. आखूड पाय सरळ पुढे काढलेले, बुटांचे तळवे आपल्याकडे. दोन्ही मुठी मांडीशी आवळलेल्या. अंगावर सोन्याच्या कडेचा लाल झगा. आणि तो आपल्याकडे बघतो. ‘बघून घेतलंस ना? आता बोल,’ असं काहीतरी त्या डोळ्यांत आहे. दरबारात अशा माणसांना करमणुकीसाठी ठेवत. हसायचं सगळं साहित्य समोर मांडलेलं आहे, पण त्या चित्रापुढे कुणी हसत नव्हतं. शाळेच्या सहलीला आलेली पंधरा-वीस पोरं होती, तीही नाही.

आणि दयाही येत नाही, हे मला जास्त नवल वाटलं. आम्ही फोटोवाले असा माणूस आला की एक तर त्याला खुर्चीवर बसवून पाय झाकायचो, नाही तर फोटो छातीपर्यंतच कापायचो. मनानं आम्ही चांगलेच वागत होतो. पण कापत होतो. वेलास्केझ त्याच्याकडे राजाकडे बघावं तितकंच बघतो, कमी नाही आणि जास्तही नाही.

हेच त्याच्या गुलामाचं. हुआन दे पारेहा त्याच्या हाताखाली रंगकाम करायचा आणि कायद्यानं त्याच्या मालकीचा होता. १६५० साली रोममध्ये त्यानं पारेहाला रंगवलं. मान ताठ, हात छातीशी, पांढरी झालरीची कॉलर, एखाद्या सरदारासारखा. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच्या मुक्ततेचा कागद केला, पण अट घातली की आणखी चार वर्षं चाकरी करायची. म्हणजे माणूस म्हणून वेलास्केझ त्याच्या काळाएवढाच होता. डोळ्यांनी तो पुढे गेलेला दिसतो. पारेहा पुढे स्वतः चित्रकार झाला. हे चित्र न्यूयॉर्कला आहे. १९७० मध्ये लंडनच्या लिलावात ते तेवीस लाख पौंडांवर गेलं. त्याआधी कुठल्याच चित्राच्या लिलावाला दहा लाखही आले नव्हते.

आता त्या वाचकांच्या मुख्य मुद्द्याकडे, फोनकडे.

‘लास मेनिनास’ १२ क्रमांकाच्या दालनात आहे. १६५६ चं. उंची साडेदहा फूट, रुंदी नऊ फुटांच्या वर. पाच वर्षांची राजकन्या मार्गारीता मध्यभागी. डावीकडची दासी गुडघा टेकून तिला तबकात एक लहान लाल मातीचं भांडं देते आहे. तेव्हा स्पेनच्या श्रीमंतांत अशा वासाच्या मातीच्या भांड्यातून पाणी प्यायची हौस होती. बायका तर त्या भांड्याचे तुकडे खायच्यासुद्धा. (डोहाळ्यात चुलीची माती खाणाऱ्या आमच्या आत्याची आठवण झाली. ती राजवाड्यात चालली असती.) उजवीकडे मारिबार्बोला, तीही बुटकी. तिच्या शेजारी पेंगुळलेल्या कुत्र्याच्या पाठीवर पाय ठेवणारा पोरगा. मागे दारात जिन्यावर थबकलेला एक माणूस. भिंतीवरच्या आरशात राजा-राणी. आणि डावीकडे मोठ्या कॅनव्हासपुढे हातात पॅलेट घेऊन स्वतः वेलास्केझ.

जितकं पुढे जाऊ देतात तितकं पुढे गेलो. राजकन्येच्या छातीवरचा गुलाबी झुबका बघितला. झुबका नाहीच! गुलाबी, काळे, पांढरे फराटे आहेत, एकमेकांना न जुळणारे, घाईत मारल्यासारखे. बाहीवरचं चांदीचं काम म्हणजे राखाडीवर टाकलेले करडे ठिपके. दासीचा हात म्हणजे बोटांचा हिशेब न लागणारा डाग. मग मागे सरकलो. एक पाऊल, दोन, तीन. कुठल्या पावलाला झालं ते सांगता येत नाही, पण फराट्यांचं रेशीम झालं आणि डागाची पाच बोटं झाली. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. असं मी सात-आठ वेळा केलं. तिथल्या रखवालदार बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मुलगी जरा लांब जाऊन उभी राहिली.

त्याचे कुंचले लांब दांड्यांचे असत असं त्याच्या जुन्या चरित्रकारानं लिहून ठेवलंय. लांब उभं राहून रंगवायचा. म्हणजे त्याला माहीत होतं, हे काम जुळायचं ते बघणाऱ्याच्या डोळ्यात, कॅनव्हासवर नाही. फोनवर तुम्ही बोटानं डाग मोठा करता. मान्य, डाग माझ्याहून स्वच्छ दिसतो. परत लहान केलंत की रेशीमही दिसतं. पण तुम्ही जागचे हलत नाही. ती राजकन्या तुमच्या तळहाताएवढीच राहते. तिथे ती तिच्या उंचीची असते, मधली हवा पायांनी तुडवावी लागते आणि तेवढ्या अंतरात डागाचं माणूस होतं. मी आयुष्यभर फटकारे मारले ते लपवण्यासाठी. माझा एक फटकारा दिसला की काम वाया. हा माणूस फटकारे उघडे ठेवतो आणि तरी चेहरा माझ्याहून खरा आणतो. माझ्या धंद्याच्या माणसाला हे बघून घरी गप्प जेवण झालं.

म्हणूनच पिकासोनं १९५७ साली या एका चित्रापायी महिनोन् महिने स्वतःला कोंडून घेऊन ५८ कॅनव्हास केले. ते बार्सिलोनाला आहेत, मी पाहिले. सगळे मला आवडले असं नाही. पण शिकवलंय म्हणून थोर म्हणायचं, असल्या स्वभावाचा तो माणूस नव्हता, एवढं तरी ते वाचक मान्य करतील.

घोड्यावर बसलेल्या राजाच्या चित्रात तर एक गंमत आहे. वरचा रंग काळानुसार पारदर्शक होत गेला आणि घोड्याचे आधी काढून बदललेले मागचे पाय खालून दिसायला लागले. डबल एक्स्पोजर झाल्यासारखा घोड्याला ज्यादा पाय आहे! एकदा दिसला की नजर तिथेच जाते.

कुणी म्हणेल, हे सगळं तिकडचं, आपला काय संबंध? संबंध असायलाच हवा असं मला वाटत नाही. पण एक धागा सांगतो. विशीच्या आसपास असताना वेलास्केझनं सेव्हिलमधला पाणी विकणारा म्हातारा रंगवला. फाटका झगा, पोराच्या हातात दिलेला पेला, पेल्यात पाण्याला चव यावी म्हणून टाकलेलं अंजीर. आणि पुढे मोठा मातीचा घडा, त्यावर कुंभाराच्या चाकाच्या वळ्या आणि ओघळलेले थेंब. हे चित्र स्पेनच्या राजवाड्यात होतं. १८१३ मध्ये व्हितोरियाच्या लढाईत नेपोलियनचा भाऊ जोसेफ सामान टाकून पळाला, त्या सामानात अशी पुष्कळ चित्रं निघाली. इंग्रज सेनापतीनं ती परत करायची तयारी दाखवली, पण स्पेनच्या राजानं ती त्यालाच देऊन टाकली. तो सेनापती म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. दहा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर १८०३ ला, जालन्याजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवून गेलेला आर्थर वेलस्ली तो हाच. पाणीवाला अजून लंडनला त्याच्याच वाड्यात आहे. जावई म्हणतो, परतताना लंडनला थांबू. बघू.

आणखी एक गोष्ट कारागिरांसाठी. एवढा मोठा चित्रकार, पण एकेकाळी त्याचा शिधा राजाची दाढी करणाऱ्यांइतका ठरवलेला होता. म्हातारपणी त्याला सान्तियागोच्या सरदार-मंडळात जायचं होतं. त्यासाठी चौकशी बसली, शंभरावर साक्षीदार तपासले. या माणसानं पोटासाठी चित्रं रंगवली नाहीत, दुकान मांडलं नाही, असं सिद्ध करायचं होतं. १६५९ मध्ये मान मिळाला, पुढच्या ऑगस्टमध्ये तो गेला. ‘लास मेनिनास’मध्ये त्याच्या छातीवर त्या मंडळाचा जो लाल क्रूस दिसतो तो नंतर घातलेला आहे. त्या क्रूसाची मला कीव आली, का ते दुकान मांडलेल्यांना कळेल.

तिकडून आल्यावर घडलेली एक गोष्ट सांगून थांबतो. पावसाळ्यात एक बाई घरी आल्या, साठीच्या. त्यांच्या आईचा १९७१ चा फोटो आमच्या स्टुडिओतला, तो भिजून खराब झालेला. मी निगेटिव्ह फेकलेल्या नाहीत. दोन दिवसांनी सापडली. आईच्या तोंडभर देवीचे व्रण होते, ते मी तेव्हा भरून काढले होते. माझं काम चांगलं होतं, अजून चकाकत होतं. मला काय वाटलं कोण जाणे, आधी होती तशी एक प्रिंट काढली, मग टर्पेंटाइनचा बोळा घेऊन पेन्सिल पुसून टाकली. चोपन्न वर्षांनी खालचा चेहरा वर आला. ओठ जरा दाबलेले, डोळ्यांत थोडा धाक आणि थोडा हट्ट. फार सुरेख चेहरा होता. तो मी तेव्हा बघितलाच नव्हता, खड्डे मोजत बसलो होतो. दुसरी प्रिंट त्याची काढली.

बाईंपुढे दोन्ही ठेवल्या. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, ‘काका, हीच आई. पण भिंतीवर लावायला तो पहिलाच द्या.’

दिला. दुसरा माझ्या खणात आहे.

आता आपल्याबद्दलची तक्रार. पुरवणीत आपण ‘लास मेनिनास’ छापलंत तेव्हा जाहिरातीला जागा करण्यासाठी असेल, डावीकडची कड कापलीत. त्या कडेला त्या मोठ्या कॅनव्हासची पाठ आहे. लाकडी चौकट, आडव्या पट्ट्या, मळकट कापड, जवळजवळ चित्राच्या उंचीएवढी. वेलास्केझ काय रंगवतोय ते त्या पाठीमुळेच आपल्याला दिसत नाही आणि लोक इतकी वर्षं तेच शोधत उभे आहेत. आपण ती कापल्यामुळे तो बिचारा हातात कुंचला धरून समोर काही नसताना उभा राहिला, एखाद्याच्या हातातलं ताट काढून घ्यावं तसा.

पुढच्या वेळी कृपा करून पूर्ण छापा. जागा कमी पडली तर माझं पत्र कापा.

आपला,
एक जुना रिटचर, मिरज